बाळाचा ताप आणि घरातली परवानगी

(युवा शिबिरात एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, संयोजकांनी मला ‘तरुण आणि आरोग्य’ यावर बोलायला सांगितलं होतं. विषय मोठा आहे आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे. म्हणून मी एकाच आजाराबद्दल बोलणार आहे, तोही तुमच्या वयाचा नाही. लहान बाळांना होणारा, मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा हा आजार. डॉक्टर त्याला मेनिंजायटिस म्हणतात, आपल्याकडे लोक मेंदूज्वर म्हणतात, आणि घरात ‘ताप डोक्यात चढला’ असं म्हणतात.

आधी एक सांगा. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात दोन वर्षांखालचं मूल आहे? भावाचं, बहिणीचं, शेजारच्या भाभीचं चालेल. हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. म्हणजे मी योग्य लोकांशी बोलते आहे. कारण त्या बाळाला ताप आला की घरात मोबाइल तुमच्या हातात असतो, मोटारसायकलची किल्ली तुमच्याकडे असते आणि दवाखान्यातला कागद वाचायला तुम्हालाच पुढे करतात.

मी एका तालुक्याच्या गावी काम करत होते तेव्हाची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते, पण वेळा बदलत नाही, कारण सगळी गोष्ट वेळांचीच आहे.

सात महिन्यांचा मुलगा. सोमवारी सकाळी अंग तापलं. आजी म्हणाल्या, “दात निकल रहे हैं, होता है.” दुपारी काका मेडिकलमधून सिरप घेऊन आले. त्यात तापाच्या औषधाबरोबर अँटिबायोटिकची बाटलीही होती. संध्याकाळी बाळाने दोनदा उलटी केली आणि दूध ओढेना. आईने बाळाला उचललं की ते जास्तच रडायचं, खाली ठेवलं की गप्प पडून राहायचं. तिने सासूला सांगितलं, “अम्मी, ये मेरी तरफ देख नहीं रहा.” अम्मी म्हणाल्या, नजर लागली असेल. मगरिबनंतर शेजारच्या मोहल्ल्यात नेऊन दम करून आणला. नवरा आखातात नोकरीला. त्याला रात्री फोन लागला. तो म्हणाला, सकाळी बडे अब्बूंना विचारून घेऊन जा. सकाळी बडे अब्बू बाजाराला गेले होते. मंगळवारी दुपारी दोन वाजता बाळाला झटके आले, तेव्हा रिक्षा आली.

आमच्याकडे पोचलं तेव्हा टाळू वर आलेली होती. मी तपासलं आणि म्हटलं, पाठीतून थोडं पाणी काढून तपासावं लागेल, इथे सही करा. आईने पेन हातात घेतलं. आजींनी तिचा हात धरला. “पाठीतून पाणी काढलं की मूल लुळं पडतं. आमच्या नात्यात झालं आहे.” मग पुन्हा फोन, पुन्हा वाट. अँटिबायोटिकची इंजेक्शनं मी लगेच सुरू केली, त्यासाठी तपासणीची वाट पाहायची नसते. पण पाणी तपासायला संध्याकाळचे सात वाजले.

ते बाळ वाचलं. चौदा दिवसांनी घरी गेलं, घरात मिठाई वाटली. दोन्ही कानांनी त्याला ऐकू येत नाही, हे नंतर कळलं.

मला त्या घरातल्या कुणाचाही राग आलेला नाही. आजी दुष्ट नव्हत्या, काका बेफिकीर नव्हते, बापाचा जीव तिकडे तळमळत होता. सगळ्यांचं बाळावर प्रेम होतं. पण सोमवारी संध्याकाळी काहीतरी वेगळं घडतं आहे हे त्या घरात एकाच माणसाला कळलं होतं, आणि निर्णय घ्यायची परवानगी नेमकी त्याच माणसाला नव्हती. आज मी मेनिंजायटिसवर बोलणार आहे, पण हे बाजूला ठेवून मला बोलता येणार नाही.

आजार काय आहे

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावर पातळ आवरणं असतात. त्यांच्यामध्ये पाण्यासारखं स्वच्छ द्रव फिरत असतं. नाकातोंडातले जंतू कधी कधी रक्तात उतरतात आणि रक्तातून या आवरणापर्यंत पोचतात. तिथे त्यांना अडवायला संरक्षण फार कमी असतं, म्हणून ते भराभर वाढतात. सूज येते, डोक्यातला दाब वाढतो, मेंदूचं आणि कानाच्या नसेचं नुकसान होऊ लागतं.

मेनिंजायटिस विषाणूंमुळेही होतो, तो बहुधा सौम्य असतो. क्षयाच्या जंतूंमुळे होतो, तो हळूहळू वाढतो. मी आज बोलते आहे तो इतर जीवाणूंमुळे होणारा, तासातासाला बिघडणारा प्रकार. महिनाभराहून मोठ्या बाळांमध्ये त्याचे मुख्य तीन जंतू आहेत: न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस. नवजात बाळांमध्ये जंतू वेगळे असतात, ते बऱ्याचदा जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लगेच शिरलेले असतात.

हे जंतू आपल्यापैकी कितीतरी निरोगी माणसांच्या घशात बसलेले असतात. खोकला, शिंक, बाळाचा मुका, यातून ते पसरतात. म्हणजे बाळ आजारी पडलं तर त्यात आईचा दोष नसतो. थंडीत अंघोळ घातली, दुपारी बाहेर नेलं, आंबट खाल्लं, असं काही नसतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आईला हे सगळं ऐकवलं जाताना मी पाहिलं आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जीवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये साधारण सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचपैकी एकाला कायमचं काहीतरी मागे राहतं. कुणाला बहिरेपण, कुणाला फिट्स, कुणाची नजर जाते, कुणाचं शिकणं मागे पडतं. मेनिंजायटिसचे जवळपास निम्मे रुग्ण पाच वर्षांखालचे असतात.

ओळखायचं कसं

पुस्तकात लिहिलेलं असतं: ताप, डोकेदुखी, मान आखडणं. मोठ्या माणसासाठी ते ठीक आहे. पण सात महिन्यांचं बाळ डोकं दुखतं म्हणून सांगणार नाही. आणि दीड वर्षाखालच्या मुलात मान आखडलेली दिसेलच असं नाही. ‘मान तर वळते आहे ना, मग काही नाही’ असं म्हणून घरी थांबू नका.

लहान बाळात काय पाहायचं ते सांगते, मोबाइलमध्ये लिहून घ्या.

बाळ दूध ओढत नाही. नेहमीपेक्षा सुस्त आहे, उठवलं तरी नीट जागं होत नाही, नजर देत नाही. किंवा उलट, सतत किरकिर करतं, आणि रडण्याचा आवाज वेगळाच, चिरका येतो. उचलून घेतलं की शांत होण्याऐवजी जास्त रडतं. पुन्हा पुन्हा उलटी होते. बाळ शांत आणि बसतं धरलेलं असतानाही टाळू फुगलेली, ताणलेली लागते. झटके येतात, किंवा एकटक बघत राहून हातपाय ताठ होतात. अंग तापलेलं पण हातपाय गार पडलेले असतात. अंगावर लाल-जांभळे ठिपके येतात आणि काचेचा ग्लास दाबून पाहिला तरी ते पुसट होत नाहीत. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर हे ठिपके सहज दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि खालच्या पापणीच्या आत पाहा.

ही सगळी लक्षणं एकत्र येण्याची वाट पाहायची नाही. तापाबरोबर यातलं एकही असलं तरी बाळाला त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या. तीन महिन्यांखालच्या बाळाला १०० अंशांच्या वर ताप असेल तर बाकी काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. आणि नवजात बाळाला या आजारात ताप न येता उलट अंग गार पडू शकतं. दूध सोडलेलं गार बाळ तापलेल्या बाळाइतकंच धोक्यात असतं.

आणि या यादीच्या वर एक ओळ लिहा: ‘आई म्हणते, आज हा नेहमीसारखा नाही.’ आई चोवीस तास त्या बाळाबरोबर असते. त्याचं भुकेचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, हे तिला माहीत असतं. तिचं म्हणणं हे माझ्यासाठी लक्षण आहे. मी ते केसपेपरवर लिहिते.

तापाला दातांमुळे येणारा समजू नका, हेही सांगून ठेवते. दात येताना अंग थोडं कोमट लागेल, बाळ लाळ गाळेल, चिडचिड करेल. मोठा ताप, उलट्या आणि झटके दातांमुळे येत नाहीत.

मेडिकलमधली बाटली

त्या बाळाला सोमवारी दुपारी मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक पाजलं होतं. तोंडातून दिलेल्या औषधाच्या त्या मात्रेने मेनिंजायटिस बरा होत नाही. पण तपासणीत जंतू सापडणं अवघड होऊन बसतं. मग कोणता जंतू होता, कोणतं औषध किती दिवस द्यायचं, हे ठरवताना डॉक्टरला अंदाजावर चालावं लागतं. आजार थोडा दबलेला दिसतो आणि एक दिवस आणखी जातो.

तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्या, हरकत नाही. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि दिलं असेल तर लपवू नका. बाटली बरोबर घेऊन या. डॉक्टर ओरडतील या भीतीने लोक सांगत नाहीत. ओरडले तर ओरडू द्या, पण सांगा.

दम करण्याबद्दलही एकदा बोलून टाकते, कारण मनात प्रश्न असेलच. कुणाच्या श्रद्धेची चेष्टा मी करत नाही. माझ्या अम्मीही माझ्या मुलांवर फुंकर घालायच्या. माझं म्हणणं इतकंच आहे की दुआ रिक्षात बसूनही करता येते. आधी रिक्षा बोलवा.

पाठीतलं पाणी

आता त्या सहीकडे येऊ. पाठीतलं पाणी काढण्याची भीती फक्त आपल्या समाजात आहे असं नाही. मी सगळ्या जातीधर्मांच्या घरांत ती पाहिली आहे. ती कुठून येते तेही समजण्यासारखं आहे. ही तपासणी बहुतेक वेळा फार आजारी मुलांची होते. त्यातली काही दगावतात, काही लुळी होतात. घरच्यांना आठवतं ते असं: सुई टोचली, मग मूल गेलं. आजार त्याच्या आधीपासून होता हे मागे पडतं.

मज्जारज्जू पाठीच्या कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. तो कमरेच्या वरच्या भागातच संपतो. लहान बाळात तो थोडा खालपर्यंत असतो, म्हणून डॉक्टर सुई त्याच्याही खालच्या जागी घालतात. तिथे पाण्यात तरंगणाऱ्या नसांचे धागे असतात, ते सुईपासून बाजूला सरकतात. काढायचं असतं ते थोडंसं पाणी, काही थेंब ते एखादा चमचा. शरीर हे पाणी सतत नव्याने तयार करतं. मोठ्या माणसात रोज जवळजवळ अर्धा लिटर तयार होतं.

ते पाणी स्वच्छ असायला हवं. जीवाणूंचा मेनिंजायटिस असेल तर ते गढूळ येतं, त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, साखर घटलेली असते, प्रथिनं वाढलेली असतात. जंतू सापडला तर औषध नेमकं ठरतं. काही जंतूंना सात दिवस पुरतात, काहींना दहा ते चौदा, काहींना एकवीस. तपासणीशिवाय हे कळणार कसं?

डोक्यात दाब फार वाढलेला असेल, बाळाचा श्वास किंवा रक्तदाब ठीक नसेल, रक्त गोठत नसेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात आणि औषध सुरू करतात. म्हणून तुम्ही सरळ विचारू शकता: ही तपासणी आत्ता सुरक्षित आहे का? काय शोधायचं आहे? औषध सुरू केलं आहे का? हे तीन प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे. उत्तर मिळालं की सही करा. आणि ती सही आईची चालते. बाळ तिच्याजवळ आहे, ती सज्ञान आहे. तिच्या सहीवर उपचार होतात. बडे अब्बू बाजारातून येण्याची गरज नसते.

विश्वास आणि प्रश्न

इथे कुणीतरी म्हणेल, डॉक्टर, विश्वास ठेवायचा कसा? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मी तुम्हाला थोडं लांब, आफ्रिकेत घेऊन जाते. तिथे सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचा पट्टा ‘मेनिंजायटिसचा पट्टा’ म्हणून ओळखला जातो. त्यातल्या कितीतरी देशांत मुसलमानांची वस्ती मोठी आहे. कोरडे, धुळीचे वारे सुटले की तिथे मेनिंगोकोकसची साथ यायची. १९९६-९७ मध्ये अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले.

त्याच १९९६ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात, ऐन साथीत, फायझर कंपनीने आपल्या ट्रोव्हान नावाच्या नव्या औषधाची चाचणी घेतली. सुमारे २०० आजारी मुलं होती. निम्म्यांना नवं औषध, निम्म्यांना आधीपासून वापरात असलेलं सेफ्ट्रायक्सोन. त्यातली ११ मुलं दगावली. हा प्रयोग आहे हे आम्हाला नीट सांगितलंच नव्हतं, असं म्हणत पालक न्यायालयात गेले. मृत्यू आजारामुळे झाले, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि तिने आरोप नाकारले. २००९ मध्ये तिने कानो राज्य सरकारशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली.

त्या पालकांचा राग खोटा होता असं कोण म्हणेल? पण पुढे काय झालं तेही ऐका. २००३ मध्ये कानोसह उत्तरेकडच्या काही राज्यांनी पोलिओची लस थांबवली. लशीने वंध्यत्व येतं, अशी चर्चा होती. ट्रोव्हानची आठवण त्यामागच्या कारणांपैकी एक होती. लशीचा त्या औषधाशी काहीही संबंध नव्हता. साधारण वर्षभराने, इंडोनेशियासारख्या मुस्लिम देशातून आणलेली लस स्वीकारून, कानोत लसीकरण पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात पोलिओ नायजेरियातून कितीतरी देशांत पसरला. शेवटी तो खुद्द इंडोनेशियातही पोचला. फसवणुकीचा आरोप कंपनीवर होता, पाय मुलांचे गेले.

आता याच्या पुढची गोष्ट, आणि ही आपल्या घराजवळची आहे. आफ्रिकेतल्या देशांनी सांगितलं की आम्हाला अशी लस हवी जी आम्हाला परवडेल, एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. मोठ्या कंपन्या तेवढ्या किमतीला तयार नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पातून ती लस तयार केली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. तेव्हाच्या दराने पंचवीस रुपयांच्या आत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची मोहीम सुरू झाली, मग माली, नायजर, नायजेरिया आणि पुढे. ज्या ‘ए’ गटाच्या मेनिंगोकोकसने तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुलं नेली, त्याचे रुग्ण त्या पट्ट्यातून जवळपास नाहीसे झाले. २०२४ मध्ये पाच गटांवर चालणारी नवी लस जगात सगळ्यात आधी नायजेरियाने वापरायला घेतली. तीही पुण्याहून गेली.

एकाच नायजेरियाच्या या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुणी काही दिलं की डोळे मिटून घ्या, असं मी म्हणत नाही. विचारा. हे काय आहे, कशासाठी आहे, प्रयोग आहे की नेहमीचा उपचार आहे, दुष्परिणाम काय? कानोच्या पालकांचं गाऱ्हाणं हेच होतं की आम्हाला विचारलं नाही. आणि मला त्या सोमवारच्या संध्याकाळची आई आठवते. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. बाहेरच्यांनी आपल्याला विचारावं असं वाटत असेल तर आपणही घरात विचारायला शिकलं पाहिजे.

आपल्या बाळांची लस

आपल्याकडे या आजाराच्या तीन मुख्य जंतूंपैकी दोघांवरची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांची एकत्र लस, तिच्यात हिबवरची लस आहे. ती सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात. २०११ मध्ये केरळ आणि तामिळनाडूत ती सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पोचली. न्यूमोकोकसवरची लस, पीसीव्ही, सहा आठवड्यांना, चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात देतात. २०२१ पासून ती देशभर मोफत आहे. खासगीत हिचे हजारो रुपये मोजणारी घरं मी पाहिली आहेत, कारण अंगणवाडीत तीच मिळते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

लस घेतलेल्या बाळाला मेनिंजायटिस होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. सगळे जंतू आणि सगळे उपप्रकार तिच्यात नाहीत. पण धोका खूप कमी होतो. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, बाळ रडतं. ‘सुई दी तो बुखार आया’ म्हणून दुसरा डोस चुकवणारी घरं खूप आहेत. तो ताप अपेक्षित आहे, नर्सबाई त्यासाठी औषध देतात. आणि उशीर झाला म्हणून सोडूनही देऊ नका. बाळ वर्षाच्या आत असेल तर लस सुरू करता येते, पहिला डोस झालेला असेल तर पुढचे पूर्ण करता येतात. कार्ड घेऊन जा आणि विचारा.

तिसऱ्या जंतूची, मेनिंगोकोकसची लस सरकारी बालकार्यक्रमात नाही. पण ती आपल्या समाजाला सगळ्यात जास्त ओळखीची आहे. हज-उमराहला जाणाऱ्या प्रत्येकाला ती घ्यावी लागते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि वर्षापुढच्या मुलांनाही. १९८७ च्या हजमध्ये आणि पुन्हा २०००-०१ मध्ये या जंतूची साथ यात्रेकरूंमधून घरोघरी, देशोदेशी गेली, म्हणून हा नियम कडक झाला. आपल्या मोहल्ल्यातल्या किती हाजींनी ती सुई घेतली? त्यातल्या कुणी लशीत काय आहे म्हणून मागे फिरल्याचं मी ऐकलेलं नाही. मग दादा-दादींना चालणारी गोष्ट नातवाच्या वेळी संशयाची का होते? घरी जाऊन हा प्रश्न प्रेमाने विचारा. आणि उमराहला लहान मूल घेऊन जाणार असाल तर त्याच्या लशीचं आधी डॉक्टरांशी बोला.

लसीकरण राहून जाण्याचं कारण दरवेळी अफवा नसते, हेही मान्य करते. गोवंडी, भिवंडीसारख्या वस्त्यांत घर बदलतं, मजुरी बुडते, केंद्र लांब असतं, तिथलं बोलणं कधी अपमानाचं असतं. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा ही सगळी कारणं समोर आली. याबद्दल व्यवस्थेला जाब विचारायलाच हवा, आणि तो तुम्ही विचारा. पण जाब विचारेपर्यंत बाळाचा डोस थांबवू नका.

बरं झाल्यानंतर

त्या मुलाला ऐकू येत नाही हे केव्हा कळलं? तो दीड वर्षाचा झाला, बोलेना, तेव्हा. घरी जाण्याआधी कानाची तपासणी करून घ्या, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं. यंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी होतं, मूल हसत-खेळत होतं, राहून गेलं. कागद इंग्रजीत होता. आम्हीही तो त्यांना नीट समजावून सांगायला कमी पडलो, हे मी इथे कबूल करते.

मेनिंजायटिसनंतर प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी घरी जाण्याआधी किंवा चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. बाळासाठी ‘बेरा’ नावाची तपासणी असते, बाळ झोपेत असताना होते, दुखत नाही. घाई यासाठी की या आजारानंतर कानाच्या आतला शंखासारखा भाग हाडाने भरून येऊ शकतो. तसं झालं तर कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं अवघड होतं. वेळेत कळलं तर श्रवणयंत्र, इम्प्लांट, वाचा-उपचार, सगळं करता येतं, आणि त्यासाठी सरकारी योजना आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा.

तो मुलगा आज शाळेत जातो. त्याच्या आईने खुणांची भाषा शिकली आणि घरातल्या सगळ्यांना शिकवली, आजींनासुद्धा.

तुमच्याकडे माझं मागणं

इथून घरी गेल्यावर बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढा आणि वाचा. कोणता डोस राहिला आहे ते आशाताईंना विचारा. १०८ नंबर घरातल्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये घालून द्या आणि तो मोफत आहे हे सांगा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, हेही सांगा, कारण पैशांच्या भीतीनेही रात्र जाते. घरात मेनिंजायटिसचा रुग्ण झाला तर बाकीच्यांना प्रतिबंधक औषध लागतं का, हे डॉक्टरांना विचारा. मेनिंगोकोकस असेल तर ते लागतं.

आणि घरात आजच एक गोष्ट ठरवून टाका, बाळ ठणठणीत असताना. बाळाच्या आजारपणात आई म्हणाली ‘दवाखान्यात जायचं’ तर जायचं. कुणाला विचारायचं नाही. आखातातल्या भावाला हे फोनवर सांगून ठेवा, तो नाही म्हणणार नाही. आजींना मी सांगितलं ते सांगा, मनापासून सांगितलं तर त्या ऐकतात. दहा वेळा दवाखान्यात जाऊन नऊ वेळा साधा ताप निघाला तरी कुणी आईला हसायचं नाही. मी तर डॉक्टर म्हणून सांगते, साधा ताप निघाला की मला बरं वाटतं.

तिथे बसलेल्या मुलींना वेगळं सांगते. उद्या तुम्ही आई व्हाल, खाला व्हाल, फूफी व्हाल. तुम्हाला काही वेगळं वाटलं तर एकदा बोलून गप्प बसू नका. दुसऱ्यांदा बोला, मोठ्याने बोला. त्या आईने मला नंतर म्हटलं होतं, “डॉक्टर, मैंने एक ही बार बोला था.” इतक्या वर्षांत मी हे विसरलेले नाही.

जेवायला उशीर झाला, माफ करा. प्रश्न असतील तर जेवताना माझ्या शेजारी येऊन बसा.